चारित्र्याचा रकाना आणि नकाराचे कारण



ही व्याख्यानमाला एका विधिज्ञाच्या स्मरणार्थ चालते, तेव्हा कायद्यातलाच एखादा विषय घ्यावा असे मला वाटले. आणि त्यातही असा, की जो आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला जन्मात कधी येत नाही, परंतु ज्यांच्या वाट्याला येतो त्यांच्या संसाराची सारी घडी तो विसकटून टाकू शकतो. जो जन्मानेच नागरिक आहे त्याला त्याच्या चारित्र्याबद्दल राज्य काही विचारीत नाही. त्याने सावकाराला बुडवावे, भावाच्या वाटणीचा बांध कोरावा, दारू पिऊन चौकात गोंधळ घालावा, प्रसंगी तुरुंगाची हवाही खावी. शिक्षा भोगून तो बाहेर येतो तेव्हा त्याचे नागरिकत्व पूर्वी होते तसेच शाबूत असते. पण जो दुसऱ्या मुलखातून येऊन, वर्षानुवर्षे राहून, कर भरून, मुलांना इथल्या शाळांत घालून, शेवटी एक दिवस नागरिकत्वाचा अर्ज गुजारतो, त्याच्या अर्जाच्या छाननीत मात्र एक प्रश्न हटकून येतो: हा मनुष्य सच्छील आहे काय?

आपल्याकडच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ म्हणून एक रकाना असतो, आणि पोराने बाकावर करकटकाने नाव कोरलेले असो की मास्तरांची टोपी पळविलेली असो, त्या रकान्यात शाळेचा कारकून बिनदिक्कत ‘चांगली’ असे लिहून मोकळा होतो. कारण तिथे दुसरा शेरा पडला तर त्या पोराला पुढची शाळा उघडणार नाही हे त्या व्यवहारी माणसाला पक्के ठाऊक असते. नागरिकत्वाच्या अर्जावर हुकूम करणाऱ्या अंमलदारापुढेही हाच रकाना असतो. मात्र तिथे तो कोरा असतो, आणि ‘चांगली’ हा शब्द सिद्ध करण्याचा भार अर्जदाराच्या शिरावर असतो.

मला जे म्हणावयाचे आहे ते आरंभीच सांगून टाकतो. सच्छील कोणाला म्हणावे हे दोनशे वर्षांहून अधिक काळ झटूनही कोणत्याही देशाच्या कायद्याला नेमके सांगता आलेले नाही, आणि पुढे सांगता येईल अशी मला आशाही नाही. म्हणून अर्जदाराचे खरे रक्षण व्याख्येच्या काटेकोरपणात शोधू नये, तर नाही म्हणण्यापूर्वी सरकार त्याला काय सांगते, नाही म्हटल्यावर काय सांगते, आणि ते सांगणे तिसऱ्या कोणापुढे तपासून घेण्याची वाट त्याला असते की नसते, यात शोधावे.

या अटीचा उगम पाहू गेल्यास अमेरिकेच्या १७९० सालच्या कायद्यापर्यंत जावे लागते. त्या कायद्याने दोन वर्षांचा रहिवास सांगितला, न्यायालयाची खात्री पटेल अशा सच्चारित्र्याचा पुरावा मागितला, आणि त्याच दमात अर्जदार ‘स्वतंत्र गोरा’ असला पाहिजे असेही म्हटले. वर्णाची ती अट पुरती नष्ट होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. शेजारची चारित्र्याची अट मात्र आजही आहे. पाच वर्षांनी, १७९५ साली, रहिवासाची मुदत पाच वर्षांवर गेली, आणि अर्ज करण्यापूर्वीच्या पाच वर्षांत मनुष्य नीतीने वागला की नाही एवढेच मुख्यतः पाहावयाचे, असा दंडक पुढे स्थिर झाला. त्याआधीचे पाप, ढोबळमानाने बोलायचे तर, कालबाह्य.

या दंडकाची जी परीक्षा १९४७ साली न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयात झाली, तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. अर्जदार हा एक लिफ्ट चालविणारा गरीब मनुष्य होता. त्याला पाच मुले. त्यातला एक मुलगा जन्मतःच मेंदूला इजा होऊन आंधळा, मुका, चारी अवयवांनी विकल असा झालेला. तेरा वर्षांचा झाला तरी त्याला घास भरवावा लागे, देहधर्माचे भान नसे, आणि लहानशा पाळण्यातच त्याचे सारे आयुष्य गेलेले. १२ ऑक्टोबर १९३९ रोजी बापाने त्या मुलाला क्लोरोफॉर्म देऊन मारले. खटला झाला, ज्यूरीने सदोष मनुष्यवधाच्या सौम्य प्रकाराबद्दल दोषी ठरविले, पण त्याबरोबर पराकाष्ठेची दया दाखवावी अशी शिफारसही केली, न्यायाधीशाने पाच ते दहा वर्षांची शिक्षा सांगून तिची अंमलबजावणी तहकूब ठेवली आणि त्याला देखरेखीखाली सोडून दिले. उरलेल्या चार मुलांचा तो कर्तव्यदक्ष बाप होता याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. या मनुष्याने नागरिकत्वाचा अर्ज केला तो २२ सप्टेंबर १९४४ रोजी. पाच वर्षे मागे मोजा: त्याचे कृत्य मुदतीच्या आत पडते, अवघ्या वीस दिवसांनी. महिनाभर थांबून त्याने अर्ज केला असता तर बहुधा कोणी हरकत घेतली नसती.

खालच्या न्यायालयाने त्याला नागरिकत्व दिले. सरकारने अपील केले. आणि लर्नेड हँड या विख्यात न्यायमूर्तींनी बहुमताचा निकाल लिहिला. त्यांनी पहिल्यानेच मान्य केले, की चारित्र्य मोजण्याचे माप न्यायाधीशाच्या अंतःकरणात शोधावयाचे नसून समाजात त्या काळी रूढ असलेल्या नीतिकल्पनांत शोधावयाचे आहे. आणि त्या कल्पना अशा कृत्याविषयी काय म्हणतात हे कळण्याचे खात्रीचे साधन न्यायालयापाशी नाही. न्यूयॉर्कच्या ज्यूरीने दया दाखविली हे खरे, पण मॅसॅच्युसेट्समध्ये अशाच अपराध्याला जन्मठेप भोगावी लागली होती. एवढे म्हणून त्यांनी अर्ज फेटाळला, मात्र नवा अर्ज करण्यास मुभा ठेवली. तिसरे न्यायमूर्ती जेरोम फ्रँक यांना हे पटले नाही. समाजाचे मत ठाऊक नाही असे म्हणावयाचे आणि त्याच मताच्या आधारे माणसाला नाही म्हणावयाचे, हा कोणता न्याय? त्यांच्या मते प्रकरण खाली पाठवून, नीतिविषयात ज्यांचा शब्द चालतो अशा मंडळींचे मत मागविणे बरे झाले असते. फ्रँकसाहेबांचा हा उपाय मला थोडा भाबडा वाटतो. नीतीच्या प्रश्नावर शहाण्यांची साक्ष काढू गेले तर शहाणे जितके तितकी मते निघतील. पण दोष त्यांनी अचूक हेरला होता.

त्याच साली त्याच न्यायालयापुढे सख्ख्या भाचीशी लग्न केलेल्या एका इटालियन गृहस्थाचे प्रकरण आले होते. चार मुले झालेली, संसार सुरळीत. आणि सरकारचे म्हणणे असे की, हा संबंध कायद्याने निषिद्ध, म्हणून हा मनुष्य दुःशील. त्याने करावे तरी काय, बायकामुलांना टाकून निघून जावे काय, असा आशय मनात धरून हँडसाहेबांनी त्याला नागरिक करून घेतले. आपल्याकडे मामाची मुलगी चालते, भाची चालत नाही. कर्नाटकाची हद्द ओलांडून गेले की भाचीही चालते, आणि ते लग्न लावणाऱ्या भटजींच्या मनात चारित्र्याचा प्रश्नही उभा राहत नाही. शंभर-दोनशे कोसांत जी गोष्ट पालटते ती महासागर ओलांडून आलेल्या माणसाला लागू करताना हात थोडा जड व्हावा, इतकेच.

लिफ्टवाल्याच्या निकालात मला चूक दिसते. तरीही त्या गृहस्थाला जे मिळाले ते थोडे नव्हते. आपल्याला का नाकारले हे त्याला तारीखवार ठाऊक होते. नकाराचे कारण छापील निकालपत्रात होते, आणि त्या कारणाला विरोध करणारे मतही त्याच निकालपत्राच्या पोटात होते. आजही तिथे अर्ज नामंजूर झाला तर प्रथम दुसऱ्या अंमलदारापुढे सुनावणी मागता येते, आणि तीही विरुद्ध गेल्यास जिल्ह्याच्या संघीय न्यायालयाकडे जाता येते. ते न्यायालय सरकारी हुकुमाची नुसती डागडुजी करीत नाही. साक्षीपुरावा घेऊन सारे प्रकरण मुळापासून पाहते. तिथले प्रशासन अटी सैल करो वा आवळो, ही वाट कायद्याने राखलेली आहे.

इंग्लंडची परंपरा याहून अगदी वेगळी. तिथे नागरिकत्व देणे हा राजाच्या कृपेचा विषय, आणि कृपेला कारण कोण विचारणार? १९१४ च्या कायद्याने सच्चारित्र्याची अट शब्दांत आणली. नागरिकत्व द्यावे की नाकारावे हे गृहमंत्र्याच्या संपूर्ण अखत्यारात ठेवले. १९४८ च्या कायद्याने आणखी निःसंदिग्धपणे सांगितले, की मंजुरीचे वा नामंजुरीचे कारण देण्यास मंत्री बांधलेला नाही, आणि त्याच्या निर्णयावर कोणत्याही न्यायालयात अपील किंवा फेरतपासणी चालणार नाही. १९८१ च्या कायद्यात तेच शब्द ४४ व्या कलमात जाऊन बसले.

या तटाला खिंडार पडले ते एका अशा अर्जदारामुळे, की ज्याच्याविषयी सहानुभूती वाटणे कठीण. हॅरॉड्स या प्रसिद्ध दुकानाचे तेव्हाचे मालक मोहम्मद अल फायेद आणि त्यांचे बंधू अली हे मूळचे इजिप्तचे. ब्रिटनमध्ये त्यांचा दीर्घकाळ वास आणि अफाट व्यापार. दोघांनी अर्ज केले, आणि १९९५ साली दोघांनाही नकाराची पत्रे आली. त्यांत कारण अक्षरानेही नव्हते. तुमच्याविरुद्ध काय आहे ते तरी आधी सांगा, म्हणजे आम्ही खुलासा करू, ही त्यांची विनंती गृहखात्याने मान्य केली नव्हती. १९९६ च्या नोव्हेंबरात अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो निर्णय रद्द केला. लॉर्ड वुल्फ यांचे विवेचन कायद्याच्या विद्यार्थ्याने पाठ करावे असे आहे. निर्णयानंतर कारणे देण्याचे बंधन संसदेने काढून टाकले, हे कबूल. परंतु निर्णयापूर्वी अर्जदाराला शंकेचा विषय कळवून त्याची कैफियत ऐकणे ही निराळी गोष्ट, आणि ती संसदेने कोठेही माफ केलेली नाही. कलमाच्या शब्दाला हात न लावता त्यांनी ते निरुपद्रवी केले. पुढे २००२ च्या कायद्याने ब्रिटिश संसदेने ती दोन्ही वाक्ये, कारण न देण्याचे आणि न्यायालयाचे दार बंद करण्याचे, रद्दबातल केली.

फायेद बंधूंचे पुढे काय झाले? १९९९ साली धाकट्याला नागरिकत्व मिळाले. थोरल्याला नवे गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी पुन्हा नाकारले, पण या वेळी कारणे सांगून: संसदेत प्रश्न विचारण्यासाठी खासदारांना पैसे चारले, आणि हॅरॉड्सच्या तिजोरीघरातील प्रतिस्पर्ध्याची पेटी उघडण्याचे प्रकरण. २०२३ मध्ये ते वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्याकडे नोकरीस असलेल्या अनेक स्त्रियांनी त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे भयंकर आरोप जाहीरपणे केले. तेव्हा कोणी म्हणेल, की पाहा, गृहखात्याचा वास बरोबर होता. मला उलटे वाटते. चारित्र्याची इतकी वर्षे चौकशी करणाऱ्या खात्याने जी कारणे पुढे जाहीर केली त्यांत खासदारांचे पाकीट होते, तिजोरीची पेटी होती. त्या स्त्रिया नव्हत्या. माणसाचे समग्र चारित्र्य सरकारला दिसते, या समजुतीवर इतके कठोर भाष्य मी दुसरे पाहिलेले नाही.

धनिकाने महागडे वकील लावून मिळविलेले तत्त्व सामान्याच्या पदरी पडण्यास मात्र तेवीस वर्षे लागली, आणि ही हकिकत आपल्या लोकांशी थेट संबंध राखणारी आहे. भारत-पाकिस्तानातून ब्रिटनमध्ये गेलेल्या कुशल नोकरदारांना एका योजनेखाली मिळकतीच्या गुणांवर मुक्काम वाढवून मिळत असे. कित्येकांची मिळकत पगार अधिक स्वतःच्या छोट्या कंपनीचा नफा अशी दुहेरी. कायम वास्तव्याचा अर्ज आला, की गृहखाते करखात्याचे दफ्तर मागवी. आणि तिथे त्याच वर्षाचा आकडा कमी निघे, किंवा कमी भरून मागाहून दुरुस्त केलेला निघे. एवढ्यावरून वर्तन आणि चारित्र्य यांचा उल्लेख असलेल्या नियमाचा बडगा उचलून, अर्जदार अप्रामाणिक आहे असा शेरा मारून, शेकडो अर्ज नामंजूर झाले. त्यांतले काहीजण खरोखरच लबाड असतील. अधिक गुणांसाठी इथे आकडा फुगवावा आणि कर वाचविण्यासाठी तिथे घटवावा, ही युक्ती काही देवलोकीची नव्हे. पण हिशेबनिसाची चूक, आजारपण, वर्षाखेरीची गफलत असेही असू शकते. आणि ते वेगळे काढण्याचा एकच मार्ग म्हणजे विचारणे. २०१९ साली अपील न्यायालयाने सांगितले, की अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवण्यापूर्वी तसा इरादा अर्जदाराला कळवून त्याचे उत्तर घेतलेच पाहिजे. हे प्रकरण वास्तव्याचे, नागरिकत्वाचे नव्हे. पण रकाना तोच.

आज ब्रिटनमध्ये नागरिकत्वाच्या नकारावर अपील नाही. असलेले नागरिकत्व काढून घेतले तर अपील आहे. मागितलेले नाकारले तर त्याच खात्याकडे फेरविचाराची याचना करावी, अथवा उच्च न्यायालयात न्यायिक तपासणीचा खर्चिक दावा लावावा. अर्जाची फी दीड हजार पौंडांहून अधिक, आणि नकार आला तरी ती परत नाही. न्यायिक तपासणीत न्यायालय चारित्र्य मोजीत नाही, मोजणाऱ्याने तराजू नीट धरला होता की नाही एवढेच पाहते. तरी तेवढ्यानेही कधीकधी काम होते. सैन्यात प्रशंसनीय नोकरी केलेल्या एका शिपायाचा अर्ज मोटार वेगाने हाकल्याच्या एका दंडापायी नामंजूर झाला होता. २०१४ साली न्यायमूर्ती लँग यांनी तो हुकूम रद्द करताना बजावले, की गृहखात्याच्या मार्गदर्शिकेतील कोष्टक म्हणजे चारित्र्य नव्हे, सारा मनुष्य पाहिला पाहिजे. कोष्टकांचा मोह मात्र वाढतोच आहे. २००६ च्या कायद्याने हीच अट नोंदणीने नागरिकत्व मागणाऱ्या दहा वर्षांच्या मुलांनाही लावली. आणि फेब्रुवारी २०२५ पासून मार्गदर्शिका म्हणते, की जो बेकायदा मार्गाने देशात शिरला त्याला, कितीही वर्षे लोटली असली तरी, सामान्यतः नागरिकत्व नाही. म्हणजे नावेत बसून आलेला निर्वासित वीस वर्षे निष्कलंक राहिला तरी त्याचे शील त्या एका रात्रीवर ठरणार. लिफ्टवाल्याच्या कृत्यालाही पाच वर्षांची मुदत होती.

आता आपल्या घराकडे वळतो. माणसाचे चारित्र्य सरकारने आधीच ठरवून टाकण्याचा एक प्रयोग या मुलखाने जवळून पाहिलेला आहे. १८७१ साली सुरू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली संपूर्ण जमातीच दुःशील ठरल्या, आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड त्यांच्या हजेऱ्या घेतल्या गेल्या. तो कायदा १९५२ साली गेला. त्यानंतर तीनच वर्षांनी आपला नागरिकत्व अधिनियम आला, आणि त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, रहिवास आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञान यांच्या पंक्तीला, अर्जदार सच्छील असावा ही अट बसली.

व्यवहारात तिचा पुरावा कसा देतात? दोन भारतीय नागरिकांनी अर्जदाराच्या चारित्र्याविषयी प्रतिज्ञापत्रे द्यावयाची. नोटरीच्या टेबलाशी उभा राहून शेजारी लिहून देतो, की मी यांना इतकी वर्षे ओळखतो, यांची वागणूक चांगली आहे, आणि वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. शिक्का पडतो, रजिस्टरात सही होते, आणि दोघे खाली येऊन चहा घेतात. या प्रतिज्ञापत्रांची कोणी थट्टा करू नये. ज्याने त्या माणसाला दहा वर्षे जिन्यावर चढता-उतरताना पाहिले त्याची साक्ष पोलीस अहवालाहून कमी मोलाची नसते. एक गंमतही सांगून ठेवतो. शास्त्र, तत्त्वज्ञान, कला, वाङ्मय, जागतिक शांतता वा मानवी प्रगती यांची विशेष सेवा केलेल्याला केंद्र सरकार तिसऱ्या अनुसूचीतल्या सर्व अटी माफ करू शकते. म्हणजे पुरेसा मोठा कवी असेल तर चारित्र्याचीही.

पण या अधिनियमाचे १४ वे कलम उघडले की गंमत संपते. अर्ज मंजूर वा नामंजूर करणे सरकारच्या स्वेच्छाधीन. त्याची कारणे देणे आवश्यक राहणार नाही. निर्णय अंतिम, आणि तो कोणत्याही न्यायालयात प्रश्नास्पद करता येणार नाही. १९४८ च्या ब्रिटिश कायद्याची ही जवळजवळ नक्कल. ज्यांच्याकडून आपण ते वळण उचलले त्यांनी ते २००२ साली मोडीत काढले. आपल्याकडे ते सुखरूप आहे. संविधानाच्या २२६ व्या अनुच्छेदाखालचा उच्च न्यायालयाचा अधिकार अशा शब्दांनी बुजत नाही हे खरे. पण ज्या हुकुमात कारणच नाही त्याच्यावर न्यायालयाने बोट ठेवावे कोठे? नकाराला हुकूम तरी लागतो. आपल्याकडे पुष्कळदा तेवढाही खर्च होत नाही. अरुणाचलातील चकमा निर्वासितांचे नागरिकत्वाचे अर्ज जिल्ह्याच्या कचेरीतच अडकून पडले होते, केंद्र सरकारपर्यंत जाऊच देत नव्हते; १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की अर्ज वर पाठविणे हे स्थानिक अंमलदाराचे कर्तव्य आहे, आणि निर्णय होईपर्यंत त्या लोकांना हुसकावता येणार नाही.

यावर सुरक्षिततेचा आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. गुप्तवार्ता खात्याचा अहवाल जसाच्या तसा अर्जदाराच्या हाती द्या असे कोणी म्हणत नाही. फायेद प्रकरणातही न्यायालयाने राष्ट्रहितासाठी जे झाकणे अवश्य ते झाकण्याची सवड ठेवली होती. पण नामंजूर होणाऱ्या प्रत्येक अर्जामागे हेर नसतो. कोठे जुना फौजदारी खटला असतो, कोठे पत्त्यात तफावत, कोठे नावाच्या सारखेपणामुळे दुसऱ्याच कोणाची नोंद. आपल्या अधिनियमात १५-अ या कलमाने केंद्र सरकारच्याच हुकुमावर तीस दिवसांच्या आत पुनर्विलोकनाचा अर्ज करण्याची सोय आहे. तो अर्ज जातो त्याच सरकारकडे. त्या तीस दिवसांत अर्जदाराने वकिलाकडे जावे, वकिलाने कागद पुढे ओढावा, आणि ‘नामंजुरीचे कारण’ या मथळ्याखाली काय लिहावयाचे हे दोघांनाही ठाऊक नसावे, अशी ही रचना आहे. माझी मागणी मोठी नाही: १४ व्या कलमातून कारणे न देण्याविषयीचे ते शब्द काढावेत, आणि नामंजुरीपूर्वी शंकेचा विषय लेखी कळवून उत्तरास किमान तीस दिवस द्यावेत. यासाठी नवे न्यायाधिकरण नको, नवा कर नको. सुधारणेचे विधेयक एका पानात मावेल.